नाव, पत्ता आणि ओळख : एलडीएपी डिरेक्टरीचं झाड कसं लावावं



आजच्या विषयाचं नाव वाचून दोन प्रकारचे श्रोते आले असावेत. एक, जे आपापल्या संस्थेत सर्व्हर सांभाळतात आणि एलडीएपी हा शब्द ज्यांच्या रोज तोंडी असतो. दुसरे, जे माझं तत्त्वज्ञानावरचं बोलणं ऐकायला येतात आणि आज हे काय नवीन म्हणून बसले आहेत. दोघांनाही बरोबर घेऊन जायचं आहे, म्हणून सुरुवात अगदी पहिल्या पायरीपासून करतो. जाणकारांनी थोडा वेळ धीर धरावा.

मोठ्या महाविद्यालयात किंवा कचेरीत एकच लॉगिन आणि एकच पासवर्ड ईमेलला चालतो, ग्रंथालयाला चालतो, वाय-फायलाही चालतो. याचा अर्थ यातली प्रत्येक यंत्रणा माणसांची वेगळी यादी ठेवत नाही. त्या सगळ्या एका मध्यवर्ती डिरेक्टरीला विचारतात, की हा माणूस आपला आहे का, आणि याला काय काय उघडायची परवानगी आहे? हे विचारण्याची जी ठरलेली भाषा आहे, ती म्हणजे लाइटवेट डिरेक्टरी अ‍ॅक्सेस प्रोटोकॉल, थोडक्यात एलडीएपी.

'लाइटवेट' का? कारण त्याआधी एक जड भाऊ होता. १९८८ साली एक्स.५०० नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. कल्पना भव्य होती: साऱ्या जगाची एकच डिरेक्टरी, तिच्यात देश, देशात संस्था, संस्थेत विभाग, विभागात माणूस. पण ती चालवायला लागणारा पसारा साध्या संगणकांना झेपेना. मग १९९३ साली आरएफसी १४८७ या दस्तऐवजात एलडीएपीचं पहिलं रूप आलं. त्यामागे मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींचा मोठा वाटा होता. १९९७ साली तिसरी आवृत्ती आली आणि तीच, २००६ साली नीट पुन्हा लिहिलेली, आपण आज वापरतो. जगाची एकच डिरेक्टरी काही झाली नाही. पण झाडाची रचना मात्र एक्स.५०० कडून वारशानं आली, आणि आपला आजचा प्रश्न त्या वारशातूनच निघतो.

झाड म्हणजे काय, ते पाहू. डिरेक्टरीत नोंदी असतात. प्रत्येक नोंदीला गुणधर्म असतात, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट: नाव, आडनाव, ईमेल, दूरध्वनी, विभाग. आणि प्रत्येक नोंद झाडात कुठेतरी एका जागी लटकलेली असते. त्या जागेपासून मुळापर्यंतची वाट लिहिली, की तयार होतं तिचं डिस्टिंग्विश्ड नेम, म्हणजे डीएन. समजा, 'यूआयडी बरोबर १००४८२, ओयू बरोबर पीपल, डीसी बरोबर एक्झाम्पल, डीसी बरोबर ऑर्ग'. आपण पोस्टाचा पत्ता जसा लिहितो तसंच हे आहे. आधी माणूस, मग घर, मग मुक्काम पोस्ट, मग तालुका, मग जिल्हा. लहानाकडून मोठ्याकडे. डावीकडच्या पहिल्या तुकड्याला रिलेटिव्ह डिस्टिंग्विश्ड नेम, आरडीएन म्हणतात. एका फांदीवरच्या दोन नोंदींचा आरडीएन सारखा असून चालत नाही.

आता इथे जरा थांबा. पोस्टाच्या पत्त्याशी तुलना केली खरी, पण एक फरक आहे आणि सगळी मेख त्या फरकात आहे. मी पुण्याहून साताऱ्याला राहायला गेलो तर माझा पत्ता बदलतो, मी बदलत नाही, माझं नावही बदलत नाही. डिरेक्टरीत मात्र पत्ता हेच नाव आहे. नोंद एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेली की तिचं डीएन बदलतं, आणि जुन्या डीएननं तिला ओळखणाऱ्यांच्या लेखी ती नोंद नाहीशी होते.

हे लक्षात ठेवून पहिला मोह पाहू. नवी डिरेक्टरी उभारायची म्हटली, की बहुतेक लोक संस्थेचा तक्ता पुढे घेतात. वर संस्था, खाली विद्याशाखा, तिच्याखाली विभाग, विभागात प्राध्यापक, कर्मचारी, विद्यार्थी. हे झाड दिसायला फार सुबक असतं. मांडणारा खूश, पाहणारेही खूश.

आणि मग जून महिना येतो. भौतिकशास्त्राच्या एक बाई नव्यानं निघालेल्या पर्यावरण विभागात जातात. व्यवस्थापक त्यांची नोंद उचलून नव्या फांदीवर ठेवतो. मॉडिफाय डीएन नावाची त्याची रीतसर क्रिया आहे, क्षणाचं काम. पण परीक्षकांच्या गटात बाईंचं जुनं डीएन लिहिलेलं आहे. गटाची नोंद म्हणजे तरी काय? सदस्यांच्या डीएनची यादी. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत हे दुवे आपोआप सुधारतात. ओपनएलडीएपीमध्ये त्यासाठी 'रेफइंट' नावाचा जोडभाग मुद्दाम लावावा लागतो, नाही लावला तर यादीत जुनंच डीएन राहतं. आणि ज्या बाहेरच्या सॉफ्टवेअरनं, समजा ग्रंथालयाच्या, बाईंचं डीएन स्वतःच्या कोठारात उतरवून घेतलं असेल, त्याच्यापर्यंत यांपैकी कुणाचाच हात पोचत नाही. गुण भरायच्या शेवटच्या दिवशी बाई संगणकापुढे बसतात आणि यंत्र सांगतं, तुम्हाला परवानगी नाही. त्यांनी काय केलं होतं? फक्त विभाग बदलला होता.

याच्याही पुढचा प्रकार आहे आणि तो जास्त गंभीर आहे. एस. कुलकर्णी नावाचे कुणी नोकरी सोडून जातात. त्यांची नोंद पुसली जाते, पण दोनचार गटांत त्यांचं डीएन तसंच शिल्लक राहतं. वर्षभरानं दुसरे एस. कुलकर्णी येतात आणि त्यांना तेच रिकामं झालेलं लॉगिन मिळतं. डीएन अक्षरशः तेच! म्हणजे पहिल्या माणसाचे अधिकार दुसऱ्याला वारसाहक्कानं मिळाले. वेतनाच्या फायली उघडताहेत, आणि का उघडताहेत हे कुणालाच ठाऊक नाही. म्हणून पहिला नियम असा लिहून ठेवा, की एकदा दिलेली ओळख पुन्हा दुसऱ्याला द्यायची नाही. माणूस गेला तरी नाही.

आता माझ्या प्रांतात येतो. वस्तूचं वर्गीकरण करताना तिचं स्वरूप कोणतं आणि तिच्यावर येऊन जाऊन असणारे धर्म कोणते, हा भेद ॲरिस्टॉटलनं केला. तिसऱ्या शतकात पॉर्फिरीनं त्याच्या 'कॅटेगरीज' ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि तिच्यावरून पुढच्यांनी ते प्रसिद्ध झाड काढलं: द्रव्य, त्याखाली शरीरी, त्याखाली सजीव, मग प्राणी, मग माणूस. या झाडाचं एक वैशिष्ट्य लक्षात घ्या. त्यात 'उभा असलेला माणूस' आणि 'बसलेला माणूस' अशा फांद्या नाहीत. माणूस उठला-बसला म्हणून त्याला एका फांदीवरून दुसरीवर उडी मारावी लागू नये, एवढं ते शहाणपण आहे. तुमच्या डिरेक्टरीत 'भौतिकशास्त्र विभागात असणं' हे उठण्या-बसण्याच्या जातीचं आहे.

आपल्याकडे उदयनाचार्यांनी 'किरणावली'त हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून धरला. एखादा सामान्य धर्म खरी जाती मानायला कशाकशाची अडचण येते, याची त्यांनी यादी दिली. तिच्यात एक आहे 'संकर'. दोन वर्ग एकमेकांत अर्धवट शिरत असतील, म्हणजे काही वस्तू दोन्हींत, काही फक्त ह्यात, काही फक्त त्यात, तर तो संकर. ठरलेलं उदाहरण भूतत्व आणि मूर्तत्वाचं. पृथ्वी, आप, तेज, वायू ही भूतंही आहेत आणि मूर्तही. आकाश भूत आहे पण मूर्त नाही. मन मूर्त आहे पण भूत नाही. अशा ठिकाणी त्यांना जाती मानायचं नाही, फार तर उपाधी म्हणायचं.

हे नेमकं आपल्या कामाचं आहे. प्राध्यापक एक फांदी, विद्यार्थी दुसरी फांदी. छान. आणि शिकवता शिकवता पीएचडी करणारी व्याख्याती कुठे बसवणार? ती दोन्हीकडे आहे. झाडात नोंदीला आईबाप एकच. मग लोक तिच्या दोन नोंदी करतात, दोन पासवर्ड होतात, आणि एका ठिकाणी पत्ता बदलला तर दुसरीकडे जुनाच राहतो. एलियस नावाची एक सोय एलडीएपीत आहे, दुसऱ्या फांदीवर नुसती खूण ठेवायची. पण मूळ नोंद हलली की खूण हवेत लटकते. उदयनाचार्य म्हणाले असते, बाबांनो, ही जाती नव्हेच, ही उपाधी आहे, तिची फांदी कशाला केलीत?

उपाधीची जागा कुठे? अ‍ॅट्रिब्यूटमध्ये. तिथे मात्र एका वेळी अनेक मूल्यं चालतात. विद्यापीठांसाठी 'एज्युपर्सन' नावाची एक गुणधर्मांची मांडणी आहे, तिच्यात 'अ‍ॅफिलिएशन' हा धर्म बहुमूल्य आहे. आपली व्याख्याती एकाच नोंदीत फॅकल्टीही आणि स्टुडंटही. पदवी मिळाली की एक मूल्य पुसायचं. नोंद जागची हलत नाही. विभागासाठी 'डिपार्टमेंटनंबर', नोकरीच्या प्रकारासाठी 'एम्प्लॉईटाइप' हे धर्म आरएफसी २७९८ मध्ये २००० सालापासून दिलेले आहेत. भौतिकशास्त्रातले सगळे हवे असतील तर त्या धर्मावर गाळणी लावून शोधायचं. त्या धर्माची अनुक्रमणिका, इंडेक्स, करून ठेवली तर हजारो नोंदी एका सपाट फांदीवर असल्या तरी शोध अडत नाही.

गंमत अशी, की प्रोटोकॉलच्या रचनेत हा भेद आधीच आहे, आपणच तो वापरत नाही. प्रत्येक नोंदीचा एक मूळ वर्ग असतो, स्ट्रक्चरल ऑब्जेक्टक्लास. तो नोंद तयार होताना ठरतो आणि नंतर बदलायचा नसतो. वर हवे तितके ऑक्झिलरी वर्ग जोडता येतात, काढता येतात. माणूस असणं हे स्ट्रक्चरल, आणि लिनक्सचं खातं असणं, म्हणजे 'पॉसिक्सअकाउंट', हे ऑक्झिलरी. ॲरिस्टॉटलला हे वाचून बरं वाटलं असतं.

मग झाडाला फांद्या नकोतच का? हव्यात, पण मोजक्या. माणसांसाठी एक, गटांसाठी एक, आणि ज्या यंत्रणा स्वतः लॉगिन करतात त्यांच्यासाठी एक. पीपल, ग्रूप्स, सर्व्हिसेस. यापुढची प्रत्येक फांदी काढण्याआधी तिनं स्वतःचं कारण सांगावं. मला पटणारी कारणं तीन आहेत. एक, त्या भागाचा कारभार खरोखर वेगळ्या माणसांच्या हाती द्यायचा आहे. दोन, तो भाग वेगळ्या सर्व्हरवर ठेवायचा आहे किंवा त्याचीच प्रत दुसरीकडे पाठवायची आहे. तीन, वापरातलं उत्पादनच फांदीनिहाय नियम लावतं. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत ग्रूप पॉलिसी ओयूला जोडली जाते, म्हणून तिथे फांद्या जास्त येणार हे मान्य. पण तिथेही त्या कारभाराच्या वाटणीप्रमाणे याव्यात, भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे नव्हे.

एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे. ते विचारतात, 'सर, आमच्या संचालकांना झाडात संस्थेचा तक्ता दिसला पाहिजे असा आग्रह आहे. काय करावं?' त्यांना तक्ता जरूर दाखवा. प्रत्येक नोंदीत 'मॅनेजर' हा धर्म ठेवता येतो, त्यात वरिष्ठाचं डीएन असतं. त्यावरून तक्ता काढणारा छोटा प्रोग्रॅम कुणीही लिहून देईल, आणि तो रोज ताजा राहील. तक्ता डिरेक्टरीतून काढावा. डिरेक्टरी तक्त्यातून काढू नये.

आता दुसरा निम्मा भाग: आरडीएनमध्ये काय लिहायचं? पहिला उमेदवार सीएन, म्हणजे माणसाचं पूर्ण नाव. वाचायला सोपं. पण एकाच नावाची दोन माणसं निघतात, आणि नाव बदलतं. लग्नानंतर कुणी नाव बदलतं, घटस्फोटानंतर कुणी पूर्वीचं घेतं. तिच्या खाजगी आयुष्यातल्या अशा वळणावर तिला पुन्हा दहा ठिकाणी जाऊन 'ती मीच' असं सिद्ध करायला लावायचं, ही डिरेक्टरीची क्रूरता आहे. आणि नावाचा साचासुद्धा बदलतो. महाराष्ट्र शासनानं ठरवलं, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असेल. ही मुलं तुमच्या महाविद्यालयात येतील तेव्हा त्यांचं नाव चार तुकड्यांचं असेल.

दुसरा उमेदवार यूआयडी. तो ठीक आहे, पण त्यात नावाची आद्याक्षरं घातलीत की मागच्या दारानं नाव परत आत आलं. माझं मत असं, की आरडीएनमध्ये काहीच न सांगणारा क्रमांक असावा. रुजू झाल्याचं वर्ष नको, विभागाचं अक्षर नको, काही नको. लॉगिन करायला वाचता येणारं नाव हवं असतं, ते वेगळ्या धर्मात ठेवा आणि हवं तेव्हा बदला. आधार किंवा पॅन क्रमांक मात्र इथे कधीही घालू नका. कारण डीएन गुपित राहत नाही, ते लॉगच्या फायलींत, गटांच्या याद्यांत, त्रुटींच्या संदेशांत सगळीकडे छापलं जातं. त्याच कारणानं 'कंत्राटी' अशी फांदीही काढू नका. त्या माणसाच्या प्रत्येक कामावर तो शिक्का बसतो आणि प्रत्येक यंत्रणेला तो वाचता येतो.

क्रमांकच का, याला तात्त्विक उत्तर आहे. सॉल क्रिपकी यांनी १९७० साली प्रिन्स्टनला नाम या विषयावर व्याख्यानं दिली. त्यांचं म्हणणं साध्या शब्दांत असं: खरं नाम वर्णन करत नाही, ते फक्त बोट दाखवतं. वर्णनं खोटी ठरू शकतात, बोट तिथेच राहतं. आपल्या परंपरेत 'तोच हा देवदत्त' या वाक्याची चर्चा आहे. पूर्वी त्या गावी, त्या काळी पाहिलेला देवदत्त आज इथे दिसतो. 'तिथला' आणि 'इथला' हे दोन्ही बाजूला ठेवलं, तरच 'तोच' म्हणता येतं. डिरेक्टरीला 'तोच' म्हणता यावं, म्हणून 'कुठला' हे नावातून काढायचं. २००६ सालच्या आरएफसी ४५३० मध्ये 'एन्ट्रीयूयूआयडी' नावाचा धर्म आला तो यासाठीच. सर्व्हर स्वतः प्रत्येक नोंदीला तो देतो, आणि नोंद कुठेही हलली, तिचं काहीही बदललं, तरी तो बदलत नाही. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत हेच काम 'ऑब्जेक्टजीयूआयडी' करतो. बाहेरच्या सॉफ्टवेअरला कुणाची खूण साठवायची असेल तर डीएन साठवू नका, हे साठवा, असं करारात लिहून घ्या.

नावं अ‍ॅट्रिब्यूटमध्ये गेली म्हणजे ती दुय्यम झाली असं समजू नका. उलट तिथे त्यांना मोकळी जागा मिळते. सीएनला एकापेक्षा जास्त मूल्यं चालतात. तिसऱ्या आवृत्तीपासून मजकूर यूटीएफ-८ मध्ये असतो, म्हणजे देवनागरीतलं नाव सरळ ठेवता येतं. २००४ सालच्या आरएफसी ३८६६ प्रमाणे त्यावर 'लँग-एमआर' अशी मराठीची खूण लावता येते. एकाच नोंदीत रोमन आणि देवनागरी दोन्ही रूपं नांदू शकतात. एक अडचण मात्र आहे. 'पर्सन' या वर्गात एसएन, म्हणजे आडनाव, सक्तीचं आहे. दक्षिणेतल्या किती तरी माणसांना आपल्या अर्थानं आडनाव नसतं. तिथे कुणी टिंब टाकतं, कुणी नावच दोनदा लिहितं. काय करायचं ते आधी ठरवून लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक कारकून वेगळं करेल आणि शोधताना ती माणसं सापडणार नाहीत.

शेवटचा मुद्दा मुळाचा. पूर्वी मुळाशी 'सी बरोबर आयएन' म्हणजे देश, आणि त्याखाली संस्थेचं नाव लिहीत. १९९८ सालच्या आरएफसी २२४७ नं इंटरनेटच्या डोमेनचे तुकडे, डीसी, मुळाशी लिहायची रीत दिली. ती चांगली, कारण डोमेन जगात एकालाच मिळतं. आपल्याकडे संस्थांची नावं बदलतात, त्यामागे मोठा सामाजिक इतिहासही असतो. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ साली झाला, पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव २०१४ साली मिळालं. त्या विद्यापीठाचं डोमेन मात्र पूर्वीचंच राहिलं. मूळ बदलायचं झालं तर सगळी डिरेक्टरी एलडीआयएफ फाइलमध्ये उतरवायची, प्रत्येक डीएन बदलायचं आणि पुन्हा भरायची. म्हणून मुळाशी असं डोमेन घ्या, जे संस्थेच्या स्वतःच्या नावावर नोंदलेलं आहे आणि ज्याचं नूतनीकरण कुणीतरी नेमानं करतं. एखाद्या योजनेचं किंवा विक्रेत्यानं सुचवलेलं डोमेन नको.

तेव्हा उद्या कागद पुढे घेऊन बसाल, तेव्हा प्रत्येक फांदीला आणि आरडीएनच्या प्रत्येक अक्षराला एकच प्रश्न विचारा: माणूस तोच राहून हे बदलू शकतं का? बदलू शकत असेल तर ते झाडावर नको, अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवा. असं करत गेलात तर झाड बुटकं आणि ओकंबोकं दिसेल, बैठकीत कुणी वाहवा करणार नाही. पण जूनमध्ये विभाग बदललेल्या त्या बाईंना गुण भरता येतील, आणि आपल्यासाठी कुणी काही विचार केला होता हे त्यांना कळणारसुद्धा नाही.

इथे थांबतो. आणखी चिठ्ठ्या असतील तर पुढे पाठवा.